आवतनाशिवाय स्टार नाही

माझा मुलगा मला एकदा फोनवर म्हणाला, "आई, तुझी खानावळ अस्तित्वातच नाही."

तेव्हा मी खानावळीतच उभी होते. तव्यावर भाकरी होती, पातेल्यात रस्सा उकळत होता आणि कोपऱ्यातल्या बाकावर एस.टी.चे एक कंडक्टर खाली मान घालून जेवत होते. मी म्हटलं, "मग ह्यो माणूस काय वारा खातोय का रं?" कंडक्टरांनी दचकून वर पाहिलं आणि घाईघाईनं अजून एक वडी मागितली.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी, अवसरी बुद्रुकला, माझी चाहूल लागली की पोरं विटी-दांडू टाकून पळायची. लग्न होऊन वारूळवाडीला आले आणि सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला चुलीपुढं बसवलं. म्हणाल्या, तुझ्यातला जाळ हिकडं वापर. मासवडी मी त्यांच्याकडून शिकले. पिठलं घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ, खोबरं, खसखस, लसूण, कोथिंबीर यांचं सारण भरायचं, गुंडाळून माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या पाडायच्या. आत मासा नसतो. तरी शहरातलं एखादं गिऱ्हाईक विचारतंच, "मासा कोणता वापरता?" अशांना मी आधी जेवू घालते आणि मग झापते.

बावीस वर्षं खानावळ धडाक्यात चालली. पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता आमच्या दारावरून जात होता. मग बायपास झाला, गाड्या तिकडून भुर्रकन जायला लागल्या, आणि आमच्या दारासमोर दुपारच्या वेळी कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपायला लागली. कुत्र्यांची झोप बघून मला जेवण जायचं नाही.

मुलाचं म्हणणं एवढंच होतं की लोक आता गाडीत बसल्या बसल्या फोनला विचारतात, जवळपास मासवडी कुठं मिळेल. फोन ज्याचं नाव घेईल तिकडं गाडी वळते. फोनला माझं नाव ठाऊक नव्हतं.

"फोनला न्हाई म्हाईत, पण गावात कुणालाबी इचार की!"

"आई, गाडीतून उतरून विचारणारी माणसं राहिली नाहीत आता."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. बोलता बोलता विषय वाढला. तो म्हणाला, किती दिवस रिकाम्या बाकांपुढं उभी राहणार, बंद कर आणि मोशीला ये आमच्याकडं. मी रागाच्या भरात बोलून गेले, "दसऱ्यापातूर गिऱ्हाईक न्हाई आलं तर मीच माझ्या हातानं कुलूप घालीन. मग ने कुठं न्यायचं तिथं!" तो लगेच म्हणाला, "ठरलं." असं पटकन 'ठरलं' म्हणणारं पोर माझ्याच पोटी कसं आलं, देव जाणे.

मोशीच्या फ्लॅटमध्ये मी एकदा आठ दिवस राहिले होते. सून गुणाची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पहिल्याच दिवशी मी मिरच्या भाजल्या आणि चौथ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत सगळी माणसं खोकत जिन्यात आली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी खाली नोटीस लावली. त्यानंतर सात दिवस मी गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगमधलं वाळत घातलेलं धुणं बघत होते. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचं बाळ रात्री अंथरूण ओलं करतं, सगळं मला धुण्यावरून कळायला लागलं होतं. तसं मला जगायचं नव्हतं. म्हणून दसऱ्याच्या आत काहीतरी करणं भाग होतं.

मग एका रविवारी मुलगा मला फोनमधल्या नकाशावर घालायला आला. लॅपटॉप बाकावर ठेवून त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि आमची तिथंच जुंपली.

"प्रकार काय लिहू? रेस्टॉरंट, कॅफे, ढाबा?"

"खानावळ लिही."

"यात खानावळ नाहीये."

"मग त्यांना म्हणावं, घाला."

"उघडायची वेळ?"

"पीठ मळून झालं की."

"आणि बंद व्हायची?"

"वड्या संपल्या की."

त्यानं कपाळाला हात लावला आणि आपल्या मनानं अकरा ते चार असं काहीतरी भरलं. फोन नंबर आमच्या मालकांचा दिला. आमचे मालक म्हणजे माझे यजमान. त्यांना फोन आला की ते "कोण बोलतंय?" म्हणतात आणि उत्तर यायच्या आत ठेवून देतात. मग माझा फोटो काढायचा होता. मुलगा म्हणाला, "आई, हस जरा." फोनकडं बघून कसं हसायचं? फोटो आला तो असा, की गिऱ्हाइकानं लांबूनच हात जोडून माफी मागावी. तोच त्यानं लावला. म्हणे, दुसऱ्या फोटोंत मी याहून जास्त चिडलेली होते.

मग त्याला दाराची पाटी दाखवत व्हिडिओ काढायचा होता, म्हणजे तिकडच्यांची खात्री पटते. पाटी कुठं होती? बावीस वर्षांत कुणाला पाटीची गरज पडली नव्हती. नारायणगावातून पेंटर आणला आणि 'घरगुती मासवडी' असं लाल अक्षरात लिहून घेतलं. पाटी लागल्यावर समोरचे सलूनवाले येऊन म्हणाले, "काकू, नवीन हाटेल काढलं का?" बावीस वर्षं माझ्याकडं जेवणारा माणूस! मी त्यांना काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

आठवड्याभरात नाव नकाशावर आलं. पण मुलगा म्हणाला, नुसतं नाव येऊन भागत नाही, वर यायला हवं. वर यायला रिव्ह्यू लागतात. लोकांनी फोनवर स्टार द्यायचे, पाचपैकी पाच, आणि खाली दोन ओळी लिहायच्या. आपली एवढी मोठी भावकी आहे, प्रत्येकानं दिले तरी पुरे. त्यानं भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली आणि तो मोशीला निघून गेला.

एकानंही स्टार दिला नाही. मेसेज सगळ्यांनी वाचला होता, निळ्या खुणा आल्या होत्या. एकानं नुसता हात जोडल्याचं चित्र टाकलं. दहा दिवस गेले. ज्या माणसांच्या बाळंतपणांत मी रात्री जागवल्या, ज्यांच्या पोरांच्या हळदीला मी मणभर पीठ मळलं, त्यांना माझ्यासाठी एक बोट हलवता येईना! तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तशीच भावकीतल्या थोरल्या भाऊजींच्या घरी जाऊन धडकले.

हे भाऊजी म्हणजे मालकांचे चुलतभाऊ. बारसं असो की दहावा, पहिली खुर्ची त्यांची. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "तू आमाला सांगितलंस कुठं?"

"ग्रुपवर टाकलं की!"

"ग्रुपवर तर आज लाईट जाणार हायेत हेबी टाकत्यात. मेलेल्याचंबी टाकत्यात. घरचं कार्य हाय ना तुझं? मग आवतन कुठंय?"

आवतन म्हणजे घरी जाऊन, कुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून दिलेलं बोलावणं. ते मिळाल्याशिवाय आमच्या भावकीत कुणी सख्ख्या पुतण्याच्या लग्नालाही जात नाही. मांडवापासून दहा पावलांवर घर असलं तरी दारं लावून बसतील आणि मग पुढं वीस वर्षं सांगतील, आम्हाला बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, "अवो भाऊजी, बोटानं दाबायचं काम हाय नुसतं, त्याला कशाला अक्षता?" ते म्हणाले, "मान बोटाचा नसतोय, माणसाचा असतोय."

मी पाय आपटत घरी आले. रात्रभर बडबडले. सकाळी उठून कुंकवाचा करंडा शोधला, तांदूळ रंगवले, मालकांना टोपी घालायला लावली आणि निघाले. "येत्या रविवारी आमच्याकडं स्टार द्यायला यायचं बरं का, सगळ्यांनी," असं दारोदार सांगत. बायकांना कुंकू, पुरुषांच्या हातावर अक्षता. आणि काय सांगू, जे लोक दहा दिवस ढिम्म हलले नव्हते ते लाजून म्हणायला लागले, "अगं, एवढं कशाला! आमी काय परके हाय का?" घरटी चहा झाला. तेहतीस घरं झाली. शेवटच्या पाच-सहा घरांत मालक चहाचा कप नुसता नाकाला लावून खाली ठेवत होते.

एक घर मात्र सोडलं. माझ्या धाकट्या जावेचं. मालक तिच्या फाटकापाशी थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "हितं?" मी म्हटलं, "चला फुडं." ते चालायला लागले.

त्याचं असं झालं होतं. नऊ वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नात मी जावेला आहेराची साडी दिली. लग्नघरात साड्यांचा ढीग पडलेला, कुठली कुणाकडून आली याचा पत्ता नाही. मी वरची उचलली आणि तिला नेसवली. ती नेमकी तिनंच मला तिच्या पोरीच्या बारशाला दिलेली निघाली. आतल्या घडीवर तिनं पेननं केलेली खूणसुद्धा तशीच होती. तिनं भर मांडवात ती खूण सगळ्या बायकांना दाखवली. मी चुकले म्हणायला हवं होतं. पण मी म्हटलं, "मग चांगलीच असंल की साडी, तूच दिलीवतीस!" त्या दिवसापासून आम्ही बोलत नव्हतो. तिचे मालक, म्हणजे माझे धाकटे दीर, दर बुधवारी येऊन मळ्यातल्या माणसांसाठी डबा भरून न्यायचे. ती मात्र आमच्या अंगणात फिरकली नव्हती.

रविवारी सगळी भावकी आली. अंगणात सतरंज्या टाकल्या, पंगत बसली. आधी जेवण, मग स्टार, असं थोरल्या भाऊजींनी ठरवलं होतं. उपाशी माणसानं दिलेला स्टार खरा नसतो, असं त्यांचं म्हणणं. जेवणं झाल्यावर फोन निघाले. आमच्याकडं फोन लागतो पण नेट चालत नाही, म्हणून मुलानं बसवलेल्या वाय-फायचा पासवर्ड मी भाकरीच्या परातीवर खडूनं लिहून परात मधोमध उभी केली. ज्यांना येत नव्हतं त्यांना नातवंडांनी जोडून दिलं. मग कुणीतरी दाबायला लागलं तसे थोरले भाऊजी ओरडले, "थांबा! असं एकेक न्हाई. अक्षता कशा सगळ्यांनी मिळून टाकायच्या, तसंच." ते मध्ये उभे राहिले, सगळ्यांनी बोटं वर केली, आणि त्यांनी मंगलाष्टकातल्यासारखा आवाज लावून म्हटलं, "सा-व-धा-न!"

तेहतीस घरांनी एका दमात पाच-पाच स्टार दिले. एका म्हाताऱ्यानं सवयीनं टाळ्यापण वाजवल्या.

खाली लोकांनी काय लिहिलं ते मुलानं मला नंतर वाचून दाखवलं. एकानं लिहिलं, 'बाई घरंदाज आहे.' दुसऱ्यानं, 'यांच्या सासऱ्यांनी आमच्या विहिरीला बैल दिले होते.' तिसऱ्यानं, 'जोडा शंभर वर्षं सुखी राहो.' एका पुतण्याच्या फोननं आपणहून शब्द सुचवले आणि त्यानं न बघता तेच पाठवले: 'भावपूर्ण श्रद्धांजली, पाच स्टार.' मासवडीबद्दल सबंध भावकीत कुणी अक्षर लिहिलं नव्हतं. मला मात्र त्या दिवशी फार भरून आलं. इतकी माणसं आपली आहेत, असं वाटलं. भांडी घासतानासुद्धा मी गाणं म्हणत होते. मालकांनी दोनदा येऊन विचारलं, बरं आहे ना?

सोमवारी नाशिकची एक गाडी फोनवर बघून आली. मंगळवारी दोन आल्या. बुधवारी मुलाचा फोन आला.

"आई, तुम्ही रविवारी काय केलंत?"

"का?"

"खानावळ नकाशावरून काढून टाकलीय त्यांनी."

मला आधी कळेना. त्यानं समजावून सांगितलं. तिकडं माणूस नसतो, मशीन असतं. त्या मशीननं बघितलं की एकाच जागेवरून, एकाच मिनिटाला, एकाच वाय-फायवरून पाच-पाच स्टार आले आणि देणाऱ्या सगळ्यांचं आडनाव एकच. मशीनला वाटलं, हे सगळं एकाच माणसानं खोटी खाती काढून केलंय. आता आपण खरे आहोत हे आपल्याला सिद्ध करावं लागेल. त्याला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. दसऱ्याला तीन आठवडे राहिले होते.

ही बातमी भावकीत पोचली आणि भडका उडाला. खानावळीचं सगळे विसरले. प्रत्येकाला एकच लागलं, की आपल्याला खोटं म्हटलं. त्याहून जास्त झोंबलं ते सगळ्यांना मिळून एक माणूस म्हटलं, हे. थोरले भाऊजी तर खुर्चीतून उठले. "आमी एक? अगं, त्यो आन् मी वीस वर्षं बांधावरनं कोर्टात हाय! ह्याच्या बानं माझ्या बाचा पाट अडवला व्हता! आन् आमी एक?" ज्याच्याबद्दल ते बोलत होते तो शेजारीच बसला होता आणि जोरजोरात मान हलवत होता. या भावकीचं माझ्या हयातीत एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. पहिल्यांदा झालं, तर ते मशीनला पटलं नाही.

भाऊजींनी सगळ्यांची आधार कार्डं आणि सातबारे एका पिशवीत भरले, आणि एस.टी.नं जुन्नरला तहसील कचेरीत गेले. तिथल्या क्लार्कला म्हणाले, आम्ही तेहतीस जण वेगळे आहोत असा दाखला द्या. क्लार्क बिचारे सज्जन होते. त्यांनी सगळी पिशवी बघितली, चहा मागवला आणि सांगितलं की वारसाचा दाखला असतो, रहिवासाचा असतो, उत्पन्नाचा असतो, पण वेगळं असल्याचा दाखला शासनानं अजून काढलेला नाही. भाऊजी संध्याकाळी आले ते म्हणाले, "नियमच न्हाई म्हणत्यात. न्हाईतर त्यो दिला असता त्यांनी, माणूस चांगला हाय."

मुलानं लाईट बिल, अन्न परवाना, पाटीचा व्हिडिओ असं सगळं तिकडं पाठवलं. उत्तर येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी रोज पीठ कमी मळायला लागले. एका दुपारी एकही माणूस आला नाही, तेव्हा सगळ्या वड्या मालकांनी आणि मी समोरासमोर बसून खाल्ल्या. मालक म्हणाले, "झकास झालीय." मी म्हटलं, "गप खावा." आणि मला रडू फुटलं. मी मोठमोठ्यानं रडले. मला मोशीला जायचं नव्हतं. मला लोकांचं धुणं बघत मरायचं नव्हतं. माझ्या हाताला जे येतं ते खाणारं कुणी उरलं नाही, याचं मला इतकं वाईट वाटत होतं की सांगता सोय नाही. मालक पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले.

दसऱ्याला पाच दिवस राहिले असताना सकाळीच मुलाचा फोन आला. "आलं परत! पण आई, सगळे रिव्ह्यू उडालेत. एकच ठेवलाय त्यांनी."

"कुणाचा?"

"काकूचा." म्हणजे माझ्या जावेचा.

"किती स्टार?"

"दोन."

"वाच."

"नको, जाऊ दे ना आई."

"वाच म्हणते ना!"

त्यानं वाचलं. 'बाई लई ओरडते. बाक हालतो. पाणी मागितलं तर म्हणते हात न्हाईत का. वड्या संपल्या की दारातनं हाकलून देते, मग तुमी कलेक्टर असा न्हाईतर कोणबी. तिच्या तोंडी लागू नये. रस्सा मात्र आमच्या सासूबाईंच्या हातचा वाटतो, तसा ह्या जन्मात दुसरीकडं मिळायचा न्हाई. खोबरं जास्त भाजते.'

माझा असा पारा चढला की मी फोन पिठाच्या डब्यात टाकला. नंतर काढून पुसला. तिनं तो रिव्ह्यू त्याच रविवारी दिला होता, भावकी माझ्या अंगणात जेवत होती तेव्हा. बाकीचे वाचून दाखवताना मुलानं तेवढा एक माझ्यापासून लपवला होता. बोलावलं नाही म्हणून ती घोडेगावला, माहेरी निघून गेली होती आणि तिथून रागानं लिहिलं होतं. जागा वेगळी, वाय-फाय वेगळं, स्टार दोनच. मशीनला तेवढा एकच खरा वाटला.

दुपारपर्यंत मी तिच्या नावानं भांडी आपटली. मग रश्शाला फोडणी देताना माझा हात मध्येच थांबला. जी बाई नऊ वर्षं माझ्या अंगणात आली नाही, तिला रस्सा कसा लागतो ते कसं कळलं? खोबरं मी या उन्हाळ्यापासूनच जास्त भाजायला लागले होते. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. धाकट्या भाऊजींचा बुधवारचा डबा! कुठली मळ्यातली माणसं? मळ्यावर तर ट्रॅक्टर होता. नऊ वर्षं दर बुधवारी ती माझ्या हातचं जेवत होती. मी चुलीपुढं तशीच बसून राहिले, आणि फोडणी जळली.

तेवढ्यात एक गाडी थांबली. पुण्याची माणसं. आत आली, जेवली, आणि त्यातला एक जण मला निरखून म्हणाला, "काकू, तुम्ही ओरडत नाही का? रिव्ह्यूमध्ये तसं लिहिलंय. आम्ही मुद्दाम आलो."

"मी कशाला वरडंन?" मी ओरडले. ते इतके खूश झाले की त्यांनी माझा व्हिडिओ काढला.

त्यानंतर काय झालं ते मला अजूनही नीटसं कळलेलं नाही. लोक यायला लागले. पाणी मागायचे आणि मी काय म्हणते त्याची वाट बघत बसायचे. बाक हलवून बघायचे. पण जेवायला लागले की गप्प व्हायचे, आणि दुसऱ्यांदा रस्सा मागताना थट्टा करायचे नाहीत.

दसऱ्याला तर गर्दीनं कहर केला. सुट्टीचा दिवस, शिवनेरीला आणि लेण्याद्रीला निघालेल्या गाड्या पाटीपासून पार सलूनपर्यंत लागल्या. मुलगा ठरल्याप्रमाणं सामान न्यायला मोठी गाडी घेऊन आला. त्याला गाडी लावायलाच जागा मिळेना. आत आला आणि म्हणाला, "आई, मग?" मी म्हटलं, "मग काय मग? उभा काय राहतोस, बायाबापड्यांना पानं घे." त्यानं बाह्या सरसावल्या. मोशीचा विषय त्यानं त्या दिवशी काढला नाही, आणि पुढंही नाही.

पण एकच्या सुमाराला माझे हात संपले. सारण होतं, पीठ होतं, थापायला आणि गुंडाळायला माणूस नव्हतं. मासवडी शिकवून येत नाही, बघून बघून येते. आणि सासूबाईंच्या चुलीपुढं बसून बघितलेली बाई गावात माझ्याशिवाय एकच होती.

पिठाच्या हातांनीच मी निघाले. जावेच्या फाटकात उभी राहिले. ती दाराला झेंडूचं तोरण बांधत होती. मला बघून तिनं हातातली माळ तशीच धरली.

"काय पायजे?"

"माणसं ताटावर बसलीत आन् वड्या संपत आल्यात."

"मग हाकलून दे. तुला येतं ते."

एरवी मी तिथंच तिला फाडून खाल्लं असतं. पण मी म्हटलं, "साडीचं माझं चुकलं व्हतं. त्याच दिवशी म्हणायला पायजे व्हतं. चल तू आता." मग माझ्या लक्षात आलं. "कुंकू आणायचं राहिलं बघ."

तिनं तोरण खुंटीला अडकवलं आणि ती चपला शोधायला लागली.

खानावळीत आल्यावर तिनं पहिल्यांदा माझं सारण चाखलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, "आजबी खोबरं करपीवलंस." लोक कान टवकारून बसले होते. मी तिला नुसतं ओलं फडकं दिलं. तिनं पिठलं थापलं, सारण पसरलं, गुंडाळलं. सासूबाईंसारखंच, करंगळी वर धरून. आम्ही शेजारी शेजारी बसून वड्या पाडत होतो. शेवटी मला राहवेना.

"एवढा रस्सा आवडला, मग दोनच स्टार का गं दिलंस?"

तिनं मान वर न करता सांगितलं, "बाकीचं तीन राखून ठेवलं व्हतं. तू दारात आलीस की द्यायचं म्हणून."

मी तिच्यापुढचं फडकं उगाच पुन्हा ओलं करून दिलं. आणि मग मी तिच्यावर ओरडलेच, "वड्या पातळ पाडू नगंस!"